कचरागाडीचं पान: इंदूरच्या एका बालकोपऱ्यातलं प्रकरण

लोकमान्य नगरातलं एक मराठी कुटुंब. आईवडील दोघंही नोकरी करणारे, मुलगा दोन वर्षं आठ महिन्यांचा, दिवसभर आजीपाशी. घरात त्याला पिलू म्हणतात, इथेही तेच नाव ठेवते. कुटुंबाच्या संमतीनं हे लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. मी रामबागेतल्या एका मराठी वाचनालयाचा बालकोपरा सांभाळते. शनिवारी संध्याकाळी पाच वर्षांखालची मुलं आणि त्यांना घेऊन आलेली मोठी माणसं तिथं जमतात. आजी पिलूला घेऊन आल्या त्या मात्र पुस्तक न्यायला नव्हे, सल्ला विचारायला.

त्यांचं म्हणणं असं. घरात चित्रांच्या पुस्तकांचा अख्खा संच आहे: प्राणी, पक्षी, वाहनं, फळं, भाज्या, मदतनीस. पिलू त्यातलं वाहनांचं एकच पुस्तक हातात घेतो, त्यातलं एकच पान उघडतो आणि त्या पानावरही एकाच पिवळ्या गाडीवर बोट ठेवून बसतो. चित्र खरं तर साध्या मालवाहू टेम्पोचं आहे, पण पिलूच्या लेखी ती कचरागाडी. दुसरं पान दाखवायला गेलं की पुस्तक भिरकावतो. प्राण्यांच्या पुस्तकाचं एक पान फाडून झालं आहे. "शेजारची मुलगी याच्याच वयाची आहे ताई, सगळे प्राणी धडाधड सांगते. याला येत नाही की येऊन सांगत नाही, तेच समजत नाही," आजी म्हणाल्या. वडिलांचं मत पडलं होतं की पुस्तकं बाजूला ठेवावीत आणि मोबाइलवर गाणी लावावीत, निदान शब्द तरी कानावर पडतील.

बोलणं मागे पडल्याची शंका असेल तर पुस्तकं बदलून भागत नाही, डॉक्टरांकडेच जावं लागतं. म्हणून ते आधी विचारून घेतलं. ऐकू येणं, नजर, हाक मारल्यावर वळणं, इतर मुलांत खेळणं, सगळं बालरोगतज्ज्ञांनी नुकतंच पाहिलेलं आणि वयाला साजेसं होतं. पिलू घरात भरपूर बोलत होता. गप्प व्हायचा तो पुस्तकासमोर.

पुस्तकं आणि वाचन, दोन्ही पाहिली

आजींना संच घेऊन यायला सांगितलं. जाड पुठ्ठ्याची, गुळगुळीत, गोल कोपऱ्यांची पुस्तकं. बांधणीत खोट काढायला जागा नव्हती. प्रत्येक पानावर आठ चौकोन, पांढऱ्या पार्श्वभूमीवर एकेक चित्र, खाली हिंदी आणि इंग्रजी नाव. प्राण्यांत कांगारू, ध्रुवीय अस्वल, जिराफ. वाहनांत हेलिकॉप्टर, जहाज, क्रेन. मदतनिसांच्या पुस्तकात डॉक्टर, परिचारिका, पोस्टमन, अग्निशामक, शेतकरी, शिंपी असे सगळे समोर तोंड करून हसत उभे. अग्निशामकाच्या आसपास आग नाही, शेतकऱ्याच्या पायाखाली शेत नाही, शिंप्याच्या हातात कापड नाही. काम करताना एकही माणूस दिसत नव्हता. डॉक्टर पुरुष, परिचारिका आणि शिक्षिका बायका, बाकी झाडून सगळे पुरुष. आणि सफाई करणारं माणूस त्या पुस्तकात नव्हतंच. ज्या शहरानं २०१७ ते २०२३ या काळात स्वच्छ सर्वेक्षणात सलग पहिला क्रमांक राखला, शेवटच्या वर्षी सुरतेसोबत विभागून, त्या शहरातल्या मुलाला मदतनीस शिकवायचे आणि त्यात सफाई मित्र नाही, हे मला फार खटकलं. आज इंदूरमध्ये वाढणाऱ्या मुलाच्या दारात रोज येणारा पहिला मदतनीस तोच आहे.

मग वाचन बघितलं. आजी चटईवर बसल्या, पिलू मांडीवर. "हे काय आहे? सांग. आणि हे? अरे, काल सांगितलं होतं ना. जि... जि..." पिलू पंख्याकडे बघत होता. आजींनी स्वतःच "जिराफ" म्हटलं आणि बोट पुढच्या चौकोनावर नेलं. अशी तीन-चार पानं गेली. पिलू मांडीवरून उतरला, ढिगातून वाहनांचं पुस्तक ओढलं, पान उघडलं, पिवळ्या गाडीवर बोट ठेवलं आणि आजीकडे बघून म्हणाला, "भैया डालतो."

आजी लगेच म्हणाल्या, "डालतो नाही रे, टाकतो म्हण."

पिलूनं पुस्तक मिटलं.

या प्रकरणाचा सगळा उलगडा माझ्या मते एवढ्या देवाणघेवाणीत आहे. त्या बैठकीत पिलू पूर्ण वाक्य एकच बोलला आणि ते त्यानं आपणहून बोललं. त्या चित्रात भैया नव्हता. गाडीपाशी माणूसच नव्हता. पिलूनं आपल्या दारात रोज सकाळी दिसणारा माणूस त्या रिकाम्या चित्रात आणून उभा केला, त्याला काम दिलं आणि ते आजीला सांगितलं. पुस्तक वाचणं म्हणजे या वयात आणखी काय असतं?

इंदूरबाहेरच्या वाचकांसाठी ती सकाळ सांगायला हवी. पालिकेची गाडी गाणं वाजवत गल्लीत शिरते. गाणं लांबून ऐकू आलं की घराघरांतून डबे बाहेर येतात. कचरा घरातच वेगळा करायचा असतो: ओला, सुका, प्लास्टिक, इलेक्ट्रॉनिक, सॅनिटरी आणि घरातला घातक असे सहा प्रकार, आणि गाडीत त्यांचे कप्पे वेगळे. चुकीच्या कप्प्यात काही चाललं तर सफाई मित्र हटकतात. पिलू गाण्याच्या पहिल्या ओळीला फाटकाशी जातो. लहान निळा डबा उचलायचा मान त्याचा. भैया डबा घेतात, उलटा करतात, आपटून रिकामा करतात आणि पिलूच्या हातात परत देतात. आवाज, हालचाल, ओळखीचा माणूस आणि स्वतःच्या हाताला काम, हे सगळं एका प्रसंगात. अशा मुलाला पांढऱ्या चौकोनातल्या ध्रुवीय अस्वलात रस वाटला नाही, यात मला नवल वाटलं नाही.

एकच पान पुन्हा पुन्हा बघणं हाही दोष नव्हे. २०११ साली इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठात जेसिका हॉर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन वर्षांच्या मुलांना गोष्टींतून नवे शब्द ऐकवले. काही मुलांना त्याच त्या गोष्टी परत वाचून दाखवल्या, काहींना दर वेळी वेगळ्या. नवे शब्द दोन्हीकडे सारख्याच वेळा आले होते, तरी ते जास्त पक्के झाले तीच गोष्ट पुन्हा ऐकणाऱ्या मुलांचे. कारण समजण्याजोगं आहे. पहिल्या वेळी मूल काय चाललंय ते पकडण्यातच गुंतलेलं असतं. ते एकदा ओळखीचं झालं की बारकाव्यांकडे लक्ष द्यायला मोकळीक मिळते. मोठ्यांना कंटाळा येतो, मुलाला येत नाही. हे आजींना सांगितल्यावर त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण बराच उतरला.

काय बदललं

आधी प्रश्न बदलले. "हे काय?" काही काळ पूर्ण बंद. त्याऐवजी आजींनी पिलूच्या बोलण्याची वाट बघायची, तो जे बोलेल ते धरायचं आणि तेच थोडं वाढवून परत द्यायचं. ही माझ्या मनची युक्ती नाही. अमेरिकेत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली एकवीस ते पस्तीस महिन्यांच्या मुलांच्या पालकांना असंच शिकवलं होतं: मोकळे प्रश्न विचारा, मुलाचं वाक्य पुढे न्या, हो-नाहीत संपणारे प्रश्न कमी करा. तुलनेसाठीच्या दुसऱ्या गटातले पालकही तितकंच वाचत होते, पण आपल्या नेहमीच्या पद्धतीनं. महिन्याभरात पहिल्या गटातली मुलं बोलून व्यक्त होण्यात स्पष्टपणे पुढे गेली.

सांगायला सोपं, करायला अवघड. आजींनी शाळेत मुलं शिकवलेली नसली तरी पाढे आणि परवचा घेऊन दोन पिढ्या वाढवलेल्या. चूक ऐकली की ती तिथल्या तिथं सुधारायची, हे हाडीमाशी भिनलेलं. शिवाय नातू हिंदीत वाहून जाईल ही काळजी खरी होती. इंदूरच्या कुठल्याही मराठी घरात ती आहे. मी त्यांना म्हटलं, "काकू, मराठी तुम्हीच बोला, त्याच्याकडून वदवून घेऊ नका." पुढच्या शनिवारी पिलूनं बोट ठेवून "भैया डालतो" म्हटल्यावर आजी क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "हो रे, भैया डबा उलटा करतो आणि सुका कचरा त्या कप्प्यात टाकतो." पिलू म्हणाला, "गीला?" "ओला दुसरीकडे टाकतो. आपला हिरवा डबा ओल्याचा ना?" "केळं," पिलू म्हणाला. आजींना आधी कळलं नाही, मग लक्षात आलं: सकाळी केळ्याचं साल हिरव्या डब्यात गेलं होतं. कोणी न विचारता त्यानं चित्रात नसलेली गोष्ट आठवून सांगितली होती.

दुसरा बदल पुस्तकाचा. पिलूच्या कचरागाडीला साजेसं मराठी पुस्तक बाजारात मिळेना, म्हणून आम्ही फोटोंचं केलं. गल्लीत येणाऱ्या सफाई मित्रांना विचारून, त्यांच्या सवडीनं फोटो काढले. जाड कागदावर छापून घेतले, लॅमिनेट करून कडा गोल कापल्या, बाजूला दोन कड्या घातल्या. चित्राऐवजी फोटो घेण्याला कारण होतं. पॅट्रिशिया गॅनिया आणि सहकाऱ्यांनी २००८ साली दीड वर्षाच्या आतबाहेरच्या मुलांमध्ये पाहिलं होतं की पुस्तकात शिकलेली वस्तू खऱ्या वस्तूशी जोडताना मुलांना जिवंत वाटणारं चित्र किंवा फोटो जास्त उपयोगी पडतो, व्यंगचित्रासारखं चित्र कमी. पिलू त्याहून मोठा, त्याला चालू शकलं असतं, पण त्याच्या दहा महिन्यांच्या चुलत बहिणीलाही पुस्तक पुरावं असं घरच्यांना वाटत होतं. (ती पानावरचा डबा चिमटीत धरून उचलायला बघते. घरच्यांना गंमत वाटली, पण त्या वयाला ते अगदी स्वाभाविक आहे. ज्यूडी डिलोच यांनी १९९८ साली नऊ महिन्यांच्या बाळांमध्ये नेमकं हेच नोंदवलं होतं. चित्र ही उचलायची वस्तू नाही, हे बाळं पुढच्या वर्षभरात शिकतात आणि मग बोट दाखवू लागतात.)

पहिलं पान: आजी डबे घेऊन फाटकात. दुसरं: वळणावरून येणारी गाडी. तिसरं: दोन हात, उलटा डबा, पडणारा कचरा, चेहरा नाही, फक्त काम. चौथं: ट्रान्सफर स्टेशनवर लहान गाडी मोठ्या कंटेनरमध्ये रिकामी होताना. पाचवं: देवगुराडियाचा प्रकल्प. सहावं: सिटी बस. ओल्या कचऱ्यापासून गॅस करणारा तो प्रकल्प १९ फेब्रुवारी २०२२ ला सुरू झाला. रोज ५५० टन ओला कचरा घेण्याची आणि सुमारे १७ हजार किलो गॅस तयार करण्याची त्याची तेव्हा क्षमता होती आणि त्या गॅसवर शहरातल्या बस चालतात. दारातला डबा आणि रस्त्यावरची बस एका धाग्यात येतात, यापेक्षा चांगलं कथानक इंदूरच्या मुलासाठी मला सुचलं नाही.

पाचवं पान पिलूनं कधीच बघितलं नाही. मोठ्या टाक्या, नळ, माणूस नाही, हलणारं काही नाही. तो चौथ्यावरून थेट सहाव्यावर जातो. एकदा बसवर बोट ठेवून त्यानं विचारलं, "बस कचला खाते?" आजी म्हणाल्या, "कचऱ्यातून गॅस निघतो, आपल्या शेगडीत असतो तसा. तो बसच्या टाकीत भरतात." एवढं त्याला पुरलं की नाही ठाऊक नाही, पण राजवाड्याजवळ बस उभी दिसली की तो आता तिचा पोटाकडचा भाग निरखतो. त्याच्या वयाला न दिसणारा गॅस समजणार नाही, आणि समजला पाहिजे असा आग्रहही नको. हे पान चार वर्षांचा झाल्यावर त्याच्या उपयोगी येईल, म्हणून काढून टाकलेलं नाही.

प्राणी

वाहन आणि काम यांचं जुळलं, प्राण्यांचं लवकर जुळलं नाही. संचातल्या प्राण्यांपैकी वाघ तेवढा त्यानं नवलखाजवळच्या कमला नेहरू प्राणी संग्रहालयात पाहिलेला, तोही झोपलेला. मी गाय घेऊ म्हटलं. पण गाय तरी त्याला कुठे भेटते? स्वच्छतेच्या मोहिमेत मोकाट गुरं शहराबाहेर गेली, दूध सांची या सहकारी डेअरीच्या पिशवीतून येतं. आजींच्या लहानपणी गोठा वाड्यातच होता. पिलूच्या पिढीला गाय पुस्तकातच आधी दिसणार. म्हणूनच त्या पुस्तकातली गाय कशी आहे याला महत्त्व आहे.

आमच्या कपाटात दोन पुस्तकं होती. एकात गाय फ्रॉक घालून बाजारात भाजी आणायला जाते. दुसऱ्यात एक बाई धार काढते आहे, वासरू दाव्याला ताण देतं आहे, बादलीत फेस आहे. बोलणाऱ्या प्राण्यांच्या गोष्टींवर माझा अजिबात राग नाही. पंचतंत्राच्या देशात तो असूही नये. पण प्राणी ओळखीचा व्हायचा असेल तर आधी दुसरं पुस्तक द्यावं, असं माझं ठाम मत आहे. गॅनिया यांच्याच २०१४ सालच्या अभ्यासात, प्राण्यांना माणसासारखं रंगवलेली पुस्तकं ऐकलेली मुलं खऱ्या प्राण्यांबद्दलही माणसासारखे गुण सांगू लागली आणि खरी माहिती कमी शिकली. पिलूला धार काढणारं चित्र दिलं. तो गाईकडे बघेना. बादलीकडे बघत राहिला. "भैया नाही, बाई आहे," आजी म्हणाल्या, "बघ, काय करतेय?" "डबा भरते," पिलू म्हणाला. प्राण्यांच्या पुस्तकाकडे त्याची वाट अशी बादलीतून गेली. मग वासरू, मग शेपूट. जिराफाचं नाव अजून तो घेत नाही, आणि त्यात काही बिघडलेलं नाही.

बोर्डीला आणि नंतर कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी मुलांना शिकवताना दगड, पानं, बिया, शंख अशी आजूबाजूला सापडणारी वस्तूच साधन म्हणून हातात दिली, गुरं चारणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. मराठीत बालशिक्षणाची इतकी घसघशीत परंपरा असताना आपल्या घरात मात्र तीन वर्षांच्या मुलाला आधी कांगारू दाखवला जातो. परिसर आधी, जग नंतर, हा क्रम पुस्तक निवडतानाही लावता येतो.

आवाजाचं पुस्तक

मधल्या काळात मामानं बटणं दाबली की आवाज येणारं वाहनांचं पुस्तक भेट दिलं. पिलू खूश. पण त्या पुस्तकासमोर तो बोलला नाही, बटणंच दाबत राहिला, आणि आजीही बोलल्या नाहीत, कारण भोंग्यावर बोलायचं काय? पानातून वर येणारी किंवा ओढायची चित्रं असली की मुलं त्यातून कमी शिकतात, हे २०१० साली मेधा तारे आणि सहकाऱ्यांनी दाखवलं आहे. ते पुस्तक घरी खेळण्यांच्या टोपलीत ठेवलं. तिथं ते मजेत नांदतं आहे.

आज कुठे आहे

पिलू तीन वर्षांचा होत आला आहे. आजीशी पुस्तक घेऊन बसतो तेव्हा बहुतेक बोलणं त्याचं असतं. "डालतो"ही म्हणतो, "टाकतो"ही म्हणतो. संचातलं मदतनिसांचं पुस्तक त्यानं परवा आपण होऊन काढलं आणि अग्निशामकाकडे बघून विचारलं, "गाडी कुठे?" तो प्रश्न छापणाऱ्यांनी ऐकायला हवा. यातलं किती आमच्या उपायांनी झालं आणि किती वयानं, हे एका मुलावरून वेगळं काढता येणार नाही. या वयात दोन-चार महिन्यांत मुलं कुठल्या कुठे जातात. आजींकडे वेळ होता, हेही मोठं भांडवल. वडील अजून म्हणतात की शाळेत प्रवेशाच्या वेळी प्राण्यांची इंग्रजी नावंच विचारतील. त्यांची भीती निराधार नाही. पण रात्री आता तेच कचरागाडीचं पुस्तक वाचतात, हिंदीत, आणि पिलू त्यांना मध्येच थांबवून मराठीत पुढचं सांगतो.

बालकोपऱ्याच्या खरेदीत यामुळे एक फरक केला आहे. नावांच्या चौकोनी पुस्तकांवर नवा पैसा घालणार नाही; देणगीत आलेली आहेत तेवढी पुरेत. नॅशनल बुक ट्रस्ट, एकलव्य, तुलिका, ज्योत्स्ना प्रकाशन यांची पुस्तकं मागवताना प्रत्येक पानावर कोणी तरी काही तरी करतंय का, हे आधी उलगडून बघतो. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीवरवर मोकळ्या परवान्याची पुस्तकं आहेत, त्यातली मराठी निवडून छापून घेतो. जे मिळत नाही ते स्वतः करायचं ठरलं आहे. पुढचं पुस्तक सिटी बसचं: डेपोत बस धुतात तिथून सुरू होणारं, आणि गाडी चालवणारी बाई असलेलं. फोटोंसाठी डेपोची परवानगी मागितली आहे. दूध सांचीच्या पिशवीत पोचण्याआधी कुठून येतं, ते त्यानंतर.